शिपायाच्या मापाची वाघीण

पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधील, आघाडी लहान मूर्तींच्या युद्धखेळासाठी टेबलावर मांडायचे ठरवले, तेव्हा शिपाई मिळवणे सोपे गेले आणि रेल्वे मिळवताना दमछाक झाली. कूतच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या सहाव्या, म्हणजे पुणे, डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. त्यामुळे या आघाडीविषयी मराठी माणसाला कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. त्या काळचे हिंदी शिपाई २८ मिलिमीटर मापात मिळतात. मी ते रंगवले, वाळूचे टेबल तयार केले आणि दुसऱ्यांदा विक्रीला आलेल्या सहा बंद वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, मागवल्या. खोक्यावर ‘एचओ’ असे लिहिले होते आणि रेल्वेच्या प्रतिकृतींत हे माप सर्वाधिक प्रचलित असल्यामुळे ते चालेल अशी माझी समजूत होती. वाघिणी रुळांवर ठेवल्या आणि शेजारी शिपाई उभा केला, तर त्याचे डोके वाघिणीच्या छपराच्या थोडेच खाली येत होते आणि दारातून आत जायचे तर त्याला रांगावे लागले असते. विकणाऱ्याने काहीही खोटे सांगितले नव्हते. चूक माझ्या हिशेबात होती.

युद्धखेळ, म्हणजे ज्याला सगळे वॉरगेमिंग म्हणतात तो लहान मूर्ती, फूटपट्टी आणि फासे यांच्या साहाय्याने खेळायचा लढाईचा खेळ, आणि रेल्वेच्या प्रतिकृती जमवण्याचा छंद हे दोन शेजारी आहेत. पण त्यांची मापे सांगायची भाषा एक नाही. रेल्वेवाला गुणोत्तर सांगतो. १:८७ म्हणजे खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग. युद्धखेळवाला उंची सांगतो. २८ मिलिमीटर म्हणजे शिपाई तेवढा उंच. या दोहोंत पूल बांधल्याशिवाय खरेदीला निघू नये.

हा पूल बांधताना पहिली अडचण अशी येते की २८ मिलिमीटर हे माप कुठून कुठपर्यंत मोजले आहे ते नेहमी स्पष्ट नसते. शिपायांच्या डोक्यावर टोपी, फेटा, शिरस्त्राण असे काहीबाही असल्यामुळे अनेक मूर्तिकार पायाच्या तळव्यापासून डोळ्यांपर्यंतची उंची धरतात. पाच फूट आठ इंच, म्हणजे सुमारे १.७२ मीटर उंचीच्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.६० मीटरवर असतात. १६०० मिलिमीटरला २८ ने भागले की ५७ येतात, म्हणून २८ मिलिमीटरच्या मूर्तींबरोबर १:५६ प्रमाणातील रणगाडे आणि गाड्या वापरण्याची रूढी पडली आहे. हाच भागाकार २० मिलिमीटरला ८०, १५ ला १०७ आणि १० ला बरोबर १६० देतो. व्यवहारात २० मिलिमीटरच्या शिपायांबरोबर १:७२ आणि १:७६ ची, तर १५ मिलिमीटरबरोबर १:१०० ची वाहने वापरतात. त्यात मूर्तिकारांची एक सवय मिसळते. हातात धरल्यावर चेहरा आणि बंदूक नीट दिसावी म्हणून ते डोके, हात आणि शस्त्रे खऱ्यापेक्षा जाड घडवतात. असा शिपाई उंचीने १:५६ चा असला तरी अंगाने त्याहून मोठा वाटतो.

आता रेल्वेच्या बाजूची अक्षरे पाहू. ‘ओ’ हे माप ब्रिटनमध्ये १:४३.५, युरोपच्या मुख्य भूमीवर १:४५ आणि अमेरिकेत १:४८ असते, म्हणजे एकाच अक्षराचे तीन अर्थ होतात. रूळ मात्र, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, तिन्हीकडे ३२ मिलिमीटरचे. ‘एस’ म्हणजे १:६४ आणि रूळ साधारण साडेबावीस मिलिमीटरचे. ‘एचओ’ म्हणजे ‘ओ’ चे अर्धे, १:८७, रूळ १६.५ मिलिमीटरचे. पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वेचे संग्रहालय आहे, तेथील गाड्या याच मापाच्या आहेत. ज्यांना १:८७ डोळ्यांना कसे दिसते ते पाहायचे असेल, त्यांनी पैसे खर्च करण्याआधी तेथे एक चक्कर मारावी.

ब्रिटिशांचे ‘ओओ’ हे प्रकरण थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण गोंधळाचे मूळ तेथे आहे. ब्रिटनमधील बोगदे आणि पूल लवकर बांधले गेल्यामुळे तेथील इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान आहेत. १:८७ मापात ती केली, तर प्रतिकृती चालवणाऱ्या त्या काळच्या विजेच्या मोटारी त्यांच्या पोटात मावत नव्हत्या. उपाय असा निघाला की रूळ एचओचेच, १६.५ मिलिमीटरचे, ठेवायचे आणि वरची गाडी तेवढी फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १:७६.२, या मोठ्या प्रमाणात करायची. त्यामुळे ओओमधील गाडी तिच्या रुळांच्या मानाने जाड असते. १६.५ ला ७६.२ ने गुणले तर १२५७ मिलिमीटर येतात, खरे ब्रिटिश रूळ मात्र १४३५ मिलिमीटरचे आहेत. पुढे एअरफिक्स कंपनीने १९५९ पासून प्लास्टिकचे छोटे शिपाई विकायला सुरुवात केली, तेव्हा खोक्यावर ‘एचओ/ओओ’ असे दोन्ही शब्द छापले जात. या दोन प्रमाणांत १४ टक्क्यांचा फरक आहे. म्हणजे पावणेसहा फुटी माणूस दुसऱ्या प्रमाणात साडेसहा फुटी ठरतो. मधली ती तिरकी रेघ पाहून दोन्ही मापे एकच आहेत असे मानणाऱ्यांची एक पिढी तयार झाली, आणि मी त्याच पिढीचा उशिराने दाखल झालेला सदस्य आहे.

हे सारे पाठ करण्याची गरज नाही. दोनच हिशेब येत असले तरी पुरते. खऱ्या वस्तूचे मिलिमीटरमधील माप प्रमाणाच्या आकड्याने भागले की प्रतिकृतीचे माप मिळते. प्रतिकृतीचे माप आपल्या शिपायाच्या प्रमाणाने गुणले की ती वस्तू टेबलावर केवढी दिसेल ते कळते. हा दुसरा हिशेब जास्त महत्त्वाचा आहे. वाघीण बनवणाऱ्याने कोणते प्रमाण धरले होते याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. आपल्या शिपायाला ती केवढी वाटेल एवढेच पाहायचे असते.

माझ्या अनुभवाने या खरेदीचा एकच नियम धरण्यासारखा आहे. उंचीत तडजोड करायची नाही, रुंदीत थोडी करायची आणि लांबीत हवी तेवढी करायची.

उंचीचा आग्रह अशासाठी की डोळा माणसाची तुलना दाराशी, पायरीशी आणि वाघिणीच्या तळाशी करतो. समजा, खऱ्या बंद वाघिणीचे सरकते दार २ मीटर उंच आहे. १:५६ मध्ये ते ३५.७ मिलिमीटर होईल. २८ मिलिमीटरचा म्हटला जाणारा शिपाई डोक्याच्या टोकापर्यंत सुमारे ३१ मिलिमीटर भरतो आणि त्याच्या पायाखालची चकती आणखी २-३ मिलिमीटर उंची वाढवते, म्हणजे तो जेमतेम दाराखालून जातो. एस मापातील तेच दार ३१ मिलिमीटरचे असते. तेथे शिपायाचे कपाळ आपटते. अमेरिकन ओ मापात ते ४२ मिलिमीटर आणि ब्रिटिश ओ मापात ४६ मिलिमीटर होते. तेथे शिपाई आरामात मावतो, फक्त जरा लहानखुरा वाटतो. २० मिलिमीटरच्या, म्हणजे १:७२ च्या, शिपायाचेही असेच आहे. तो जवळपास २४ मिलिमीटर भरतो, चकतीसकट त्याहून जास्त. ओओमधील दार २६ मिलिमीटरचे असल्यामुळे चालून जाते, एचओमधील २३ मिलिमीटरच्या दारात तो अडतो. यावरून दिसते की शंका असेल तेव्हा थोडी मोठी वाघीण घ्यावी, थोडी लहान घेऊ नये. शिपायाच्या चकतीने वाढवलेली उंची मोठ्या वाघिणीत जिरून जाते. लहान वाघिणीत तीच उंची चूक दुप्पट करून दाखवते.

दाराइतकीच उपयोगाची दुसरी खूण म्हणजे वाघिणीचा तळ. ब्रॉडगेज किंवा १४३५ मिलिमीटरच्या मार्गावरील वाघिणीचा तळ रुळाच्या माथ्यापासून साधारण सव्वा मीटरवर असतो. मालधक्का नसलेल्या जागी रुळांशेजारी खडीवर उभे राहिलात तर तो छातीच्या वर, खांद्याच्या आसपास येतो, आणि म्हणूनच मोकळ्या जागी मालगाडीत चढण्यासाठी हाताने ओढून घ्यावे लागते. टेबलावरही शिपाई आणि वाघीण यांचे नाते असेच दिसले पाहिजे. तळ शिपायाच्या कमरेशी आला तर गाडी खेळण्यातली वाटते, डोक्याच्या वर गेला तर शिपाई खेळण्यातला वाटतो. येथे एक बारीकशी युक्ती आहे. विकतच्या रुळाची पट्टी स्लीपरसकट काही मिलिमीटर उंच असते आणि ती टेबलावर तशीच ठेवली की वाघीण तेवढी उचलली जाते. पट्टीच्या दोन्ही बाजूंनी पुठ्ठा आणि वाळू यांचा उतार करून जमीन स्लीपरच्या माथ्यापर्यंत आणली, तर ओ मापातील उंच वाघीणही २८ मिलिमीटरच्या शिपायाला बरीच आवाक्यात येते.

लांबीत सूट का चालते? युद्धखेळात जमिनीचे माप शिपायाच्या मापापेक्षा नेहमीच आखडलेले असते. बंदुकीचा पल्ला टेबलावर फूट-दोन फूट धरतात. १:५६ च्या प्रमाणात तो खोलीबाहेर गेला असता. ९ मीटर लांबीची साधी चारचाकी वाघीण १:५६ मध्ये १६ सेंटिमीटर होते. अशा दहा वाघिणी जोडल्या की १६० सेंटिमीटर झाले आणि सहा फुटी टेबल इंजिन लावण्याआधीच संपत आले. म्हणून ज्या वाघिणीची उंची बरोबर आहे पण लांबी पाव भागाने कमी आहे, ती टेबलावर उलट सोयीची ठरते. पाहणाऱ्याला खटकत नाही, कारण खऱ्या जगातही वाघिणी निरनिराळ्या लांबीच्या असतात.

याच वाक्यात या सगळ्या शोधाची किल्ली आहे. माणूस सगळीकडे साधारण एकाच उंचीचा असतो. वाघीण तशी नसते. त्यामुळे चुकीच्या प्रमाणातील एखादी वाघीण आपल्या प्रमाणात दुसऱ्याच कुठल्या तरी खऱ्या वाघिणीचे माप अचूक देऊन जाते. ब्रिटनमध्ये कोळशासाठी वापरलेली १९२३ च्या नमुन्याची १२ टनी लाकडी उघडी वाघीण घ्या. तिचा सांगाडा साडेसोळा फूट, म्हणजे ५.०३ मीटर लांब आणि सुमारे ८ फूट रुंद. ब्रिटिश ओ मापात ती साधारण ११६ मिलिमीटर लांब आणि ५६ मिलिमीटर रुंद होते. हे आकडे १:५६ ने गुणले तर साडेसहा मीटर लांब आणि ३.१४ मीटर रुंद अशी वाघीण मिळते. युरोपच्या मुख्य भूमीवर सर्व देशांत फिरू शकणाऱ्या गाडीला रुंदीची मर्यादा ३.१५ मीटर होती. म्हणजे ब्रिटनमधली छोटी कोळसागाडी मोठ्या मापात घेतली, की ती २८ मिलिमीटरच्या जर्मन किंवा रशियन शिपायांशेजारी युरोपातली भरदार, थोडी आखूड वाघीण म्हणून खपते. तिच्या फळ्या मात्र जास्त रुंद दिसतात. प्रत्येक फळीच्या मध्यावर चाकूने एक चर कोरला की एका फळीच्या दोन होतात. याउलट अमेरिकन आठचाकी बोगी वाघीण ओ मापात घेतली तर ती सर्वच बाजूंनी अवाढव्य होते आणि तिला कोणतेच सोंग देता येत नाही.

अमेरिकेत लहान मुलांच्या वर्तुळाकार मार्गासाठी विकल्या गेलेल्या जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्या धावतात ओच्या ३२ मिलिमीटर रुळांवर, पण घट्ट वळणे घेता यावीत म्हणून वरचा सांगाडा मुद्दाम आखूड आणि बुटका केलेला असतो. अचूकतेचा हट्ट असलेले रेल्वेप्रेमी त्यांच्याकडे पाहत नाहीत, म्हणून त्या स्वस्त मिळतात. २८ मिलिमीटरवाल्याने त्यांच्यावर लक्ष ठेवावे.

रुळांचा विचार शेवटी करावा असे मी म्हणतो, कारण युद्धखेळातील गाडीला धावायचे नसते. वीज नको, वळणाची त्रिज्या नको, चाके फिरली नाहीत तरी हरकत नाही. तरीही हिशेब करून ठेवलेला बरा. १४३५ मिलिमीटरचा मार्ग १:५६ मध्ये २५.६ मिलिमीटर होतो आणि नेमके तेवढे रूळ बाजारात सहज मिळत नाहीत. एसचे साडेबावीस मिलिमीटरचे रूळ १२६० मिलिमीटरचा मार्ग दाखवतात, ओचे ३२ मिलिमीटरचे रूळ जवळजवळ १८०० चा. आपल्याकडील ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरचे असल्याने ते १:५६ मध्ये ३० मिलिमीटर होते आणि ओच्या रुळांवर फारसे न खटकता बसते. १९२५ मध्ये सुरू झालेला खैबर खिंडीतील मार्ग ब्रॉडगेजच होता. सरहद्दीवरच्या चकमकी मांडणाऱ्यांना येथे रूळ आयते मिळतात. याहून सुरेख योगायोग १५ मिलिमीटरच्या शिपायांबाबत आहे. एचओचे १६.५ मिलिमीटरचे रूळ १:१०० ने गुणले तर १६५० येतात, भारतीय ब्रॉडगेजपेक्षा फक्त २६ मिलिमीटरने कमी. केवळ रुळांपुरते बोलायचे तर कोणत्याही दुकानात मिळणारी एचओची पट्टी १५ मिलिमीटरच्या शिपायांसाठी तयार भारतीय लोहमार्ग आहे.

या १५ मिलिमीटरवाल्यांसाठी वाघिणींचा शोध मात्र वेगळ्या दिशेला न्यावा लागतो. ट्राय-अँग या ब्रिटिश कंपनीने १९५७ पासून काही वर्षे ‘टीटी’ नावाच्या गाड्या बनवल्या, त्या फुटाला ३ मिलिमीटर, म्हणजे १:१०१.६ प्रमाणाच्या होत्या. १:१०० च्या वाहनांशेजारी त्या ठेवल्या तर फरक शोधायला व्हर्नियर कॅलिपर लागेल. सावध राहण्याची गोष्ट एकच. युरोपात टीटी म्हणजे १:१२०, आणि हॉर्नबी कंपनीने २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये आणलेली नवी मालिकाही १:१२० ची आहे. त्यामुळे नुसते ‘ब्रिटिश टीटी’ असे वर्णन वाचून पैसे पाठवू नयेत. १:१२० मध्ये २ मीटरचे दार १६.७ मिलिमीटर होते आणि १५ मिलिमीटरचा शिपाई चकतीसकट १९ मिलिमीटर भरतो. जुने टीटी मिळाले नाही तर एचओ घ्यावे, मोठ्या बाजूला चुकावे. १० मिलिमीटरवाल्यांनी एन, म्हणजे १:१६० च्या आसपासच्या, मापातील काहीही निर्धास्तपणे घ्यावे; ६ मिलिमीटरवाल्यांना १:२२० चे झेड माप मोठे पडते, त्यांनी युद्धखेळासाठीच ओतलेल्या धातूच्या गाड्या शोधाव्यात.

दुसऱ्या महायुद्धाच्या मांडणीत सपाट वाघिणीवर रणगाडा ठेवण्याचा मोह सर्वांना होतो, आणि प्रमाणाची चूक सर्वांत लवकर तेथे उघडी पडते, कारण शिपाई वाघिणीपासून दूर उभा करता येतो, रणगाडा येत नाही. जर्मनांचा टायगर रणगाडा लढाईच्या ७२५ मिलिमीटर रुंद पट्ट्यांसह सुमारे ३.७ मीटर रुंद होता आणि रेल्वेच्या ३.१५ मीटरच्या मर्यादेत बसत नव्हता. म्हणून रेल्वेने नेताना त्याच्या बाहेरच्या बाजूची चाके काढून ५२० मिलिमीटरच्या अरुंद पट्ट्या चढवाव्या लागत आणि उतरल्यावर पुन्हा रुंद पट्ट्या घालाव्या लागत. हे माहीत असेल तर १:५६ च्या टायगरखाली कोणती वाघीण लागेल हे लगेच कळते. अरुंद पट्ट्यांसह रणगाडा ५६ मिलिमीटरचा, वाघीणही जवळपास तेवढीच, आणि रणगाड्याच्या कडा वाघिणीच्या कडांशी मिळालेल्या. वाघिणीबाहेर लोंबणाऱ्या रुंद पट्ट्या दिसल्या, तर मांडणाऱ्याने इतिहास आणि गणित यांपैकी एकाला फाटा दिला आहे असे समजावे. १:७२ चा टायगर एचओच्या वाघिणीवर ठेवणे हे तर चारपाईवर हत्ती निजवण्यासारखे आहे. रणगाडा ५१ मिलिमीटर, वाघीण फार तर ३६.

आता माझ्या त्या सहा वाघिणींकडे परत येतो, कारण त्या फुकट गेल्या नाहीत. मेसोपोटेमियात ब्रिटिशांनी बसऱ्यापासून आत टाकलेले मार्ग मुख्यतः मीटरगेजचे होते आणि त्यांचे बरेचसे साहित्य हिंदुस्थानातून गेले होते. मीटरगेज १:५६ मध्ये १७.९ मिलिमीटर होते. एचओचे १६.५ मिलिमीटरचे रूळ म्हणजे ९२४ मिलिमीटर, सुमारे आठ टक्के कमी, आणि एवढा फरक डोळा माफ करतो. एचओच्या साध्या रुळाची उंची इंचाचा दहावा भाग, म्हणजे २.५४ मिलिमीटर असते. एचओसाठी ती वाजवीपेक्षा जास्त आहे, कारण १:८७ ने गुणल्यावर २२१ मिलिमीटर येतात आणि एवढा उंच रूळ कुठेच नसतो. १:५६ ने गुणल्यावर मात्र १४२ मिलिमीटर येतात आणि ते खऱ्या रुळाला शोभतात. खोटी दिसते ती स्लीपरमधील दाटी. त्यासाठी १६.५ मिलिमीटरचेच, पण नॅरोगेज दाखवण्यासाठी स्लीपर मोठे आणि विरळ ठेवलेले रूळ मिळतात, ते घ्यावेत. नाहीतर जुन्या पट्टीचे एक सोडून एक स्लीपर कापून उरलेल्यांवर आइस्क्रीमच्या काडीचे तुकडे चिकटवावेत.

वाघिणींचे मी वरचे डबे काढून टाकले आणि फक्त चाकांसकट खालचा सांगाडा ठेवला. खऱ्या जगातील एक मीटर व्यासाचे चाक एचओमध्ये साडेअकरा मिलिमीटर होते आणि २८ मिलिमीटरच्या शिपायाला ते ६४ सेंटिमीटरचे वाटते. मीटरगेजची चाके लहानच असतात, त्यामुळे ही चूक आपल्या पथ्यावर पडते. माझ्या वाघिणींचा सांगाडा १०३ मिलिमीटर लांब होता, म्हणजे १:५६ मध्ये ५.८ मीटर, लहान चारचाकी मीटरगेज वाघिणीला शोभेल असा. त्यावर प्लास्टिकच्या पत्र्याचा नवा डबा बांधला, तो दारापासून मापायला सुरुवात करून. आधी शिपाई दारात उभा केला, त्याच्या टोपीवर थोडी मोकळी जागा सोडून दाराची चौकट आखली आणि मग त्या चौकटीभोवती भिंती उभ्या केल्या. शेवटी दोन्ही टोकांचे बाजूचे बफर कापून मधोमध एकच बफर-कपलिंग बसवले, कारण हिंदुस्थानी मीटरगेज गाड्यांना बाजूचे दोन बफर नसतात. प्रमाणातल्या तीन-चार टक्क्यांपेक्षा ही एक खूण जास्त बोलते. ज्याने लहानपणी मीटरगेजने प्रवास केला आहे त्याची नजर पहिल्यांदा तेथेच जाते.

ज्यांच्याकडे त्रिमिती छपाईचे यंत्र आहे ते म्हणतील की एवढा खटाटोप कशाला, फाइल मोठी करून छापा. १:८७ ची फाइल १:५६ ला नेण्यासाठी ती १५५ टक्के करावी लागते, १:१०० ची १७९ टक्के. हे ठीक आहे, पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही वाढल्याने १५५ टक्क्यांनाच साहित्य पावणेचार पटीने लागते आणि एचओमध्ये नाजूक दिसणारी कडी, दांडे व खिळे जाडजूड होऊन बसतात. उलट दिशेने, मोठी फाइल लहान करताना, पायऱ्या आणि ब्रेकचे दांडे इतके बारीक होतात की छपाईतच तुटतात. भिंती फाइलमधून घ्याव्यात आणि दांडे तारेचे करावेत, असा मधला मार्ग मला बरा वाटतो.

खरेदी करताना विक्रेत्याला प्रमाण विचारण्यापेक्षा दोन मापे विचारावीत. बफर सोडून सांगाड्याची लांबी, आणि दाराची किंवा भिंतीची उंची. उत्तर मिळाले नाही तर छायाचित्रावरूनही काम भागते. वाघिणीचा समोरून, म्हणजे टोकाकडून काढलेला फोटो मागवावा. एचओ किंवा ओओ असेल तर दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर आहे हे आपल्याला माहीत असते. ते पडद्यावर मोजावे आणि त्याच पट्टीने वाघिणीची रुंदी व उंची काढावी. फोटो तिरका नसेल तर मिलिमीटरभराच्या फरकाने उत्तर बरोबर येते. तुटलेले कपलिंग, हरवलेले खोके, न फिरणारी चाके या कारणांनी रेल्वेवाले ज्या वाघिणी टाकून देतात, त्या आपल्याला चालतात, हेही लक्षात ठेवून भाव करावा.

माझ्या टेबलावर आता एक नवीन पेच उभा आहे. बगदादच्या उत्तरेला समार्‍यापर्यंत जर्मनांनी बांधलेला मार्ग १९१४ मध्ये सुरू झाला होता आणि तो १४३५ मिलिमीटरचा होता. मार्च १९१७ मध्ये बगदाद आणि एप्रिलमध्ये समारा ब्रिटिशांच्या हाती आल्यावर एकाच आघाडीवर दोन मापांचे रूळ झाले. त्या मार्गासाठी ब्रिटिश ओ मापातील दोन उघड्या वाघिणी मी घेतल्या आहेत आणि बांबूच्या काड्यांवर २५.६ मिलिमीटरचे रूळ स्वतः टाकतो आहे. वाघिणींची चाके ३२ मिलिमीटरच्या रुळांसाठी बसवलेली असल्याने ती आसावरच आत सरकवून चिकटवावी लागतील.